ज्या आठवड्यात तू पाणी मोजलंस

आत्या,

परवा औशात तुझ्यासाठी शोकसभा झाली. स्टँडामागच्या मंदिराच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या आणि जो उठला तो तुझ्या पाणपोईबद्दल बोलला. बसमधून उतरलेल्या माणसाच्या हातात पहिला पेला तूच द्यायचीस, चैत्रापासून मृग निघेपर्यंत तुझे रांजण कधी कोरडे पडले नाहीत, टँकरच्या वर्षीसुद्धा पडले नाहीत. एक किराणावाले सावकार तर गहिवरून म्हणाले की महानंदाबाईंनी आयुष्यात कुणाला तहानेलं ठेवलं नाही. मी मागे बसले होते. उठून सांगावंसं वाटलं की हे खोटं आहे. तिने ठेवलं आहे. स्वतःच्या सख्ख्या भावाला, लातूरला, ऐन वैशाखात, आठवडाभर ठेवलं आहे. आणि तिचं सगळ्यात मोठं काम तेच होतं.

उठले नाही. बाबा शेजारी बसले होते, मान खाली घालून. म्हणून हे लिहून टाकते आहे. तुला न विचारता तुझ्याबद्दल पहिल्यांदाच लिहिते आहे. माझी पत्रकं तू छापायच्या आधी ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "चांगलं हाय. आता निम्मं काढ." या वेळी निम्मं काढायला कुणी नाही.

आपल्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तुला समाधीला बसवून नेलं. कपाळभर विभूती, मांडीवर हात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती आणि तू त्यांच्याकडे बघतेस असंच वाटत होतं. रडणाऱ्या बायकांना तू आत्ता काहीतरी टोचून बोलशील, असं मला सारखं वाटत राहिलं.

बाबांचं दुखणं कसं कळलं ते तुझ्याकडून ऐकायला लोकांना फार आवडायचं. त्यांचा छापखाना लातूरच्या गोलाई बाजाराच्या मागे, मी तिथेच पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून अक्षरं शिकले. 'बंधू-भगिनींनो' हा मी वाचलेला पहिला शब्द असणार. त्या बाबांच्या पत्रकांत ओळींच्या कडेची अक्षरं चुकायला लागली. समोरचं नीट दिसायचं, बाजूचं दिसायचं नाही. आम्हाला वाटलं वय झालं. मग एकदा बाजूने आलेली रिक्षा त्यांना दिसलीच नाही आणि ते तिच्यावर जाऊन आदळले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि चष्म्याऐवजी मेंदूचा फोटो काढायला पाठवलं. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, पीयूषिका म्हणतात तिला, डॉक्टर पिट्युटरी म्हणतात. तिच्यावर गाठ वाढली होती आणि ती डोळ्यांच्या नसा दाबत होती. नांदेडला नाकातून दुर्बीण घालून ऑपरेशन करायचं ठरलं.

"नाकातनं? मग टाके कुठं घालत्यात?" तू विचारलंस.

बाबा म्हणाले, "अक्का, जन्मभर मी लोकांच्या नाकाला झोंबलो. आता माझं नाक पुढं करायची पाळी."

ऑपरेशन छान झालं. पहिले दोन-तीन दिवस बाबांना भयंकर तहान लागायची आणि लघवीही बादलीने व्हायची. सिस्टर सगळं मोजून लिहून घ्यायच्या आणि मागतील तेवढं पाणी द्यायच्या. मग ते आपोआप ताळ्यावर आलं. आम्हाला वाटलं, संपलं. घरी सोडायच्या दिवशी ती देगलूरकडची तरुण डॉक्टरबाई आली आणि म्हणाली की खरी काळजी आता पुढच्या आठवड्यात घ्यायची आहे, आणि ती दवाखान्यात नाही, तुमच्या घरात घ्यायची आहे.

हातात दिलेलं कार्ड इंग्रजीत होतं. मी लगेच भांडायला उभी राहिले. हे मराठीत का नाही, खेड्यातल्या माणसाने काय वाचायचं, माणूस घरी पाठवता की वाऱ्यावर सोडता. ती डॉक्टरबाई शांतपणे म्हणाली की तुमचं बरोबर आहे, मीही वर तेच सांगते आहे, तोवर मी तोंडाने सांगते. मी पुढे काही बोलणार तोच तू मला कोपराने ढोसलंस.

"ती सांगायलीय ना, ऐकून घे. भांडण मागून कर, ते कुठं पळून चाललंय?"

तिने तुलाच विचारलं, "मावशी, जेवायला पाहुणे वाढले की वरणाचं काय करता?"

"पाणी वाढीवताव."

"आणि मीठ?"

"मीठ हाय तेवढंच. म्हणून तर अळणी लागतंय."

तेच रक्ताचं होतं, असं तिने सांगितलं. ही ग्रंथी शरीराला पाणी धरून ठेवायचा हुकूम देते. ऑपरेशनमध्ये ती दुखावते आणि काही दिवसांनी तो हुकूम नको इतका सुटायला लागतो. मग माणूस जे पिईल ते अंगातच राहतं, लघवीवाटे जात नाही. रक्तातलं मीठ, ज्याला ते सोडियम म्हणतात, ते पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतो, आणि तरी कुणाच्या लक्षात आलं नाही तर झटके येतात, बेशुद्ध पडतो, जीवही जातो. सगळ्यांना होत नाही. पण कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही. म्हणून आठवडाभर पाणी मोजून, आणि शेवटी रक्ताची तपासणी. बाबांना दिवसाला एक लिटर ठरवून दिलं होतं. दुसऱ्या पेशंटला वेगळं असू शकतं, हे तिने दोनदा सांगितलं आणि पुढे तू ते प्रत्येकाला दोनदा सांगायचीस.

तू विचारलंस की मग मीठच जास्त घालू का जेवणात. ती म्हणाली, नाही मावशी, मीठ कमी पडलेलं नसतं, पाणी जास्त झालेलं असतं. शहाळं, ताक, उसाचा रस, चहा, पातळ वरण, सगळं पाण्यातच धरायचं. आणि ही स्टेरॉइडची गोळी चुकवायची नाही, तिनेही मीठ सांभाळलं जातं.

तू तिच्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडलीस. ती लाजली.

परतीच्या वाटेत अहमदपूरला जीपवाल्याने रसवंतीपुढे गाडी लावली. दुखणेकरी माणूस घरी चाललाय म्हणून त्याने स्वतःहून रस मागवला होता. तू तो ग्लास घेतलास, त्याला आशीर्वाद दिलास आणि स्वतः पिऊन टाकलास. बाबा नुसते बघत राहिले. मला हसू आलं. पुढचा आठवडा असा असणार हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

लातूरला पोचल्यावर तू खिडकीत एक लिटरची बाटली भरून ठेवलीस. बाबांच्या पोटात जे काही पातळ जाईल ते याच बाटलीतून. चहासुद्धा तिच्यातलंच पाणी काढून. हिशोब चोख होता. आणि बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. छापखान्यातली माणसं, बाबांच्या संघटनेतले सोबती, गल्लीतले, नात्यातले. तू औशाहून डब्बे, कपडे आणायला म्हणून दुपारी गेलीस आणि दिवेलागणीच्या आत परत आलीस. बाटली निम्मी भरलेली होती. तू खूश झालीस. मग भांडी घासायला बसलीस आणि मोरीतून मला हाक मारलीस.

मोरीत कप होते. सगळे जोडीजोडीने. एक पाहुण्याचा, एक यजमानाचा.

आपल्याकडे पाहुणा एकटा पीत नाही. घरच्याने कप उचलल्याशिवाय तोही उचलत नाही. आणि बाबांनी तर कुणाला एकट्याने प्यायला लावलं नसतं. शेजारच्या काकूंनी आपल्या घरून किटली भरून आणली होती. प्रत्येकाबरोबर अर्धा कप, प्रत्येक शहाळ्यातला एक घोट. तू हात तसेच ओले घेऊन बाहेर आलीस.

"इस्वनाथ, किती चहा पिलास?"

"चहा काय पाणी हाय का, अक्का?"

"मग काय दगूड हाय?"

बाबा म्हणाले, "माणूस उन्हातनं येतो, त्याला एकट्याला पी म्हणू? मी काय साहेब हाय?"

खरं सांगायचं तर मला त्यांचं पटलं होतं. तुझ्याकडे मात्र उत्तर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू औशाहून पाणपोईचा एक रांजण टेम्पोत घालून मागवलास आणि आपल्या फाटकाबाहेर, निंबाखाली मांडलास. येणाऱ्याने तिथेच पाणी प्यायचं, हवं तेवढं, तुझ्या हातचं. शहाळी तिथेच ठेवायची. मग आत यायचं, रिकाम्या हाताने, रिकाम्या तोंडाने. घरात कुणाच्याही हातात पेला दिसणार नाही. म्हणजे बाबांच्याही हातात येणार नाही. लोक नाराज झाले. पेशंटला भेटायला आलोय की कचेरीत, असं कुणीतरी बोललं. "कचेरीतच आलाव असं समजा," तू म्हणालीस, "साहेब मी हाय."

मला तो रांजण बघून कसंतरी झालं होतं. तेव्हाच तुला बोलले. आपल्या भागात फाटकाबाहेरच्या पाण्याला एक जुना घाण अर्थ आहे. कुणाला घरात पाणी मिळायचं आणि कुणाला अंगणाबाहेर, वरून ओंजळीत ओतून, हे जातीवर ठरायचं. तुला हे मी सांगायची गरज नव्हती. पाणपोईवर पहिल्या वर्षी तू सगळ्या जातींना तेच पेले ठेवलेस, तेव्हा आपल्याच काही घरांनी तुझं पाणी प्यायचं सोडलं होतं. तू म्हणालीस, "सगळ्यालाच भाईर द्यायलेय. मग त्यात जात कुठं आली?" तुला ते अगदी सरळ वाटत होतं.

मग सोपानकाका आले.

सोपानकाका शिरूर अनंतपाळकडचे, बाबांचे तरुणपणापासूनचे सोबती. काकांच्या गावातल्या हॉटेलात काकांच्या वस्तीसाठी वेगळे कप असायचे, दाराबाहेर खिळ्याला टांगलेले. एके दिवशी त्या दोघांनी ते कप काढून आतल्या टेबलावर नेले आणि दोघांनी त्याच कपातून चहा मागितला. चहा मिळाला नाही, मार मिळाला. बाबांच्या भुवईवर अजून ती खूण आहे. असे ते सोपानकाका बस बदलत, भर उन्हात आले, आणि तू निंबाखालून उठून पेला त्यांच्यापुढे केलास. मी दारातच होते.

"सोपानभाऊ, पाणी हितंच घ्या."

त्यांनी पेला हातात घेतला. रांजणाकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं. "अक्का," ते हळू म्हणाले, "तुमच्या हातनं हे व्हावं?"

तुला आधी कळलंच नाही. मग कळलं. तुझा चेहरा तसा झालेला मी पुन्हा कधी बघितला नाही. तू घाईघाईने सांगायला लागलीस की सगळ्यांनाच इथे देते, डॉक्टरने असं सांगितलंय, इस्वनाथ ऐकत नाही, कुणीही आत प्यालं की तोही पितो.

"सगळ्याला देता हे मला कसं दिसावं?" ते म्हणाले. "मी तर एकलाच आलोय."

त्यांनी न पिता पेला रांजणाच्या झाकणावर ठेवला आणि ते वळले.

आत्या, तिथे दुसरं कुणी असतं तर रागावलं असतं. मी एवढं चांगलं करते आणि माझ्यावर हा आरोप, असं म्हटलं असतं. चांगल्या माणसांचा हा राग मी पुष्कळ बघितला आहे. तू अनवाणी रस्त्यावर गेलीस. डांबर पाय भाजेल असं तापलेलं होतं. त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिलीस आणि समजावून सांगायचं सोडून दिलंस.

"आत चला," तू म्हणालीस. "पर आत पाणी न्हाई. तहानेलं बसावं लागंल."

"बसतो."

"लई तहान लागलीय तुमाला."

"त्याला न्हाई लागली?"

आणि ते बसले. बाबांच्या खाटेशेजारी, भिंतीला पाठ लावून. बाबांना दिवसाला किती मिळतं ते त्यांनी विचारलं आणि म्हणाले, मलाही तेवढंच. तू दुसरी बाटली भरून पहिलीच्या शेजारी ठेवलीस. तू घोट बाबांना द्यायचीस तेव्हा एक घोट काकांना. संध्याकाळी परत जाणार होते, ते तिसऱ्या दिवशीही तिथेच होते. तू त्यांना सांगून बघितलंस की तुमचं ऑपरेशन झालेलं नाही, तुम्हाला हे नको, उन्हाचे दिवस आहेत. ते नुसते हसायचे. आणि बाबांची कुरकुर बंद झाली. समोरचा माणूस आपल्याइतकाच तहानेला असल्यावर तहानेची तक्रार कुणाकडे करणार? दोघे जुनी भांडणं उकरून काढायचे आणि ओठांना ओला फडका लावून बसायचे. जाणारे-येणारे हसायचे. तू बाहेर निंबाखाली, ते आत.

त्यांच्यामुळेच पुढचं लक्षात आलं. त्या दिवशी सकाळपासून बाबा डोकं दुखतंय म्हणत होते. आम्हाला वाटलं ऊन. त्यांनी नाश्ता नको म्हटला. मग दुपारी ते काकांना म्हणाले, "सोपान, गठ्ठे सुटलेत का? मोर्चा निघायचाय." काकांना वाटलं थट्टा करतोय. त्यांनी विचारलं, कुठला मोर्चा? बाबांनी जो सांगितला तो माझ्या जन्माच्या आधीचा होता. आणि ते थट्टा करत नव्हते.

काका बाहेर आले आणि तुला म्हणाले, "अक्का, ह्यो कुठंतरी गेलाय."

तपासणीचा दिवस अजून आला नव्हता. शेजारचे म्हणत होते, अशक्तपणा असेल, साखर-मिठाचं पाणी द्या, तरतरी येईल. एक जण तर ते ढवळून घेऊनच आले होते. तू त्यांच्या हातातला तांब्या घेऊन निंबाच्या बुंध्याशी ओतलास. तोवर काकांनी रिक्षा आणली होती. लातूरच्या दवाखान्यात तू पहिलं वाक्य बोललीस ते मी कधी विसरणार नाही. "पिट्युटरीचं आपरेशन झालंय, सोडियम बघा." आयुष्यात चार ओळी इंग्रजी न शिकलेल्या तुझ्या तोंडून ते दोन शब्द असे आले की समोरच्या पोरसवदा डॉक्टरने लगेच फोन उचलला.

सोडियम उतरलं होतं. त्यांनी नांदेडशी बोलून भरती करून घेतलं, पाणी आणखी कमी केलं आणि हळूहळू, सारखं रक्त तपासत, ते वर आणलं. घाईने वर आणणंही मेंदूला धोक्याचं असतं, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी हेही सांगितलं की एक-दोन दिवस असेच गेले असते तर झटके आले असते. आणि पहिल्या दिवसासारखं चहा-शहाळं चालू राहिलं असतं तर याच्याही आधी.

बाबा बरे झाले. बाजूचं दिसायला लागलं. पहिल्यांदा त्यांनी मान न वळवता खाटेच्या कडेला उभ्या असलेल्या तुला बघितलं आणि म्हणाले, "अक्का, तू लई जाड दिसायलीस." आभार मानले असतील तर ते एवढेच.

मग आपलं भांडण सुरू झालं, जे अजून संपलेलं नाही.

मी म्हणायचे, रांजण बाहेर ठेवणं चूक होतं, कारण काहीही असो. सोपानकाका त्या दुपारी परत गेले असते तर बाबांचं बोलणं कुणी ओळखलं असतं? त्या फाटकाने बाबांचा जीव जायचा होता. तू म्हणायचीस, आणि फाटक नसतं तर तो आधीच्याच दिवशी गेला असता. दोन्ही खरं होतं. मी म्हणायचे, मग सगळ्यांना आत घ्यायचं आणि कुणालाच पाणी द्यायचं नाही, काकांसारखं. यावर तू खरोखर चिडायचीस.

"उन्हातनं आलेल्याला पाणी द्यायचं न्हाई? हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई, बाई. तहान काय असती ते तुला म्हाईत न्हाई. तुझी तहान पत्रकातली हाय."

"आणि अपमान काय असतो ते तुला माहीत नाही," मी एकदा बोलून गेले.

तू म्हणालीस, "म्हाईत न्हाई. त्यादिशी थोडा कळला. मग काय करायला पायजे होतं ते तू सांग."

मला सांगता आलं नाही. त्या दिवसापासून भेटलीस की विचारायचीस, "घावलं का उत्तर?" टोमणा नव्हता तो. तुला खरंच हवं होतं.

कारण तोवर तुला बोलावणी यायला लागली होती. ती देगलूरकडची डॉक्टरबाई असं ऑपरेशन झालेल्या घरांना तुझा नंबर द्यायची, तुला विचारूनच. काही जण फोनवर भागवायचे, काही घरी तू जायचीस, एसटीने, पिशवीत दोन लुगडी आणि खिडकीत ठेवायची बाटली घेऊन. पहिला प्रश्न ठरलेला, तुमच्या डॉक्टरने किती सांगितलंय? दुसरा, बघायला कोण कोण येणार हाय? तू तिथे वाईटपणा घ्यायचीस. घरच्या सुनेला आल्या पाहुण्याला, सासऱ्याच्या भावाला, नवऱ्याच्या साहेबाला नाही म्हणता येत नाही. तुला म्हणता यायचं. उदगीरच्या एका घरी तुला लोक 'पाणी बंद करणारी बाई' म्हणायला लागले होते, आणि औशात येऊन तुझ्याच पाणपोईवर पाणी पिऊन गेले तरी त्यांना ओळख पटली नाही. हे सांगताना तू हसून हसून खोकलीस.

मी एक पत्रक लिहिलं होतं. कार्डं मराठीत द्या, तपासणी तालुक्याच्या गावी करा, माणसाला घरी पाठवता तर फोन करून चौकशी करा. सगळं खरं आणि सगळं हक्काचं. तू ऐकलंस आणि निम्मं काढ म्हणाली नाहीस. फक्त एवढंच म्हणालीस की हे सगळं असू दे, पण वर पहिली ओळ पाण्याची घाल. सरकार येईल तेव्हा येईल, शहाळं आजच दारात आहे. ती ओळ मी घातली. पण पाहुण्यांचं काय करायचं, हे त्यात लिहायचं राहिलं. आपलं एकमत होत नव्हतं. आणि मग तू गेलीस, अशी अचानक, की आपलं पत्रक अजून छापखान्यात खिळे जुळवून तसंच पडलं आहे.

काल हदगावहून फोन आला. तुझा फोन मी जवळ ठेवला आहे. एक बाई होती, घाबरलेली. सासऱ्यांचं नांदेडला ऑपरेशन झालं, कालच घरी आणलं, डॉक्टरबाईंनी नंबर दिला, महानंदाबाई आहेत का? मी सांगितलं, नाहीत. ती रडायलाच लागली, तुझ्यासाठी की सासऱ्यांसाठी ते कळेना. मग मी तिला तुझ्यासारखंच विचारलं, तुमच्या डॉक्टरांनी किती सांगितलंय? ते तिला नीट माहीत होतं. बाटली, चहा, ताक, गोळी, डोकं दुखलं किंवा बोलणं बदललं तर तपासणीच्या दिवसाची वाट न बघता थेट दवाखाना, साखर-मिठाचं पाणी नाही. सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, कापसाचं गाव आहे, सासरे सरपंच होते, माणसं थांबत नाहीत. बघायला आलेल्यांचं काय करू? पाणी तर द्यावंच लागतं.

मी फोन धरून तुझ्या मोरीजवळ उभी होते, आत्या, औशाच्या घरी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. आणि मी म्हणाले,

"आल्या माणसाला आधी स्वयंपाकघरात न्या. तिथं पोटभर पाणी द्या. मग सासऱ्यांपाशी बसवा."

"सैपाकघरात?"

"हो."

"कुणालाबी?"

"कुणालाही."

एवढं साधं होतं ते. तहानेल्याला पाणी मिळतं, पेशंटला दिसत नाही, आणि माणूस फाटकाबाहेर न राहता घराच्या सगळ्यात आतल्या खोलीत जातो. आपण दोघी इतके दिवस फाटक आणि बैठक एवढंच मोजत बसलो. तुझ्या घरात, माझ्या घरात, एवढ्या पत्रकांच्या आणि पाणपोईच्या घरांत, चुलीपर्यंतचा रस्ता आपल्याला दिसला नाही. बाजूचं बाबांनाच दिसत नव्हतं असं नाही.

तिकडे फोन हातातून हातात गेला. म्हातारा, खरखरीत बाईचा आवाज आला. तिची सासू असणार. "बाई," ती म्हणाली, "आमच्या सैपाकघरात आजपतोर गल्लीतलं सगळं माणूस कवाच आलं न्हाई."

मला पुष्कळ बोलता आलं असतं. एक अख्खं पत्रक माझ्या जिभेवर होतं. मला तुझं ते रस्त्यावर जाऊन उभं राहणं आठवलं आणि मी काही समजावलं नाही. एवढंच म्हणाले, "मालक बरे व्हायला पाहिजेत ना?"

मागे कुणीतरी दार वाजवत होतं, कुणीतरी आलं होतं.

"रगताची तपासणी कवा हाय म्हनलाव?" तिने विचारलं.

मी सांगितलं, आठवड्याने.

"मंग तवर येऊ देते," ती म्हणाली. फोन बंद करायच्या आधी ती दाराकडे वळून कुणाला तरी म्हणाली, "ये, भाईर नगं थांबू, आत ये," ते मला ऐकू आलं.

एक आठवडा, आत्या. तो तू मिळवलास. त्याच्या पुढचं भांडण माझं.